पोथीचे बासन सोडा

संगमेश्वर तालुक्यात लावण्या उरकल्या की हात जरा मोकळे होतात. आषाढी एकादशीला चातुर्मास बसलेला असतो, श्रावण तोंडावर असतो. आपल्या वाडवडिलांनी पोथी लावायला हाच काळ धरला, त्यामागे भक्तीइतकाच शेतकऱ्याचा व्यवहारही होता. बाहेर पावसाची झड, शेतावर फारसे काम नाही, घरची माणसे एका छपराखाली. दिवाबत्ती झाली की पडवीत एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. शेजारपाजारची चार माणसेही येऊन बसत. हरिविजय, रामविजय, भक्तिविजय यांतल्या कथा अक्षरओळख नसलेल्या आजीलाही मुखोद्गत असत, त्या याच ऐकण्यातून.

ती पोथी आजही पुष्कळ घरांत आहे. देव्हाऱ्याशेजारी बासनात बांधलेली असते, तिला हळदकुंकू वाहिले जाते, फूल ठेवले जाते. वाचली मात्र जात नाही. माझी कळकळीची विनंती आहे, यंदा ते बासन सोडा. आणि कार्तिकी एकादशी झाली म्हणून पुन्हा बांधून ठेवू नका.

वेळ नाही, ही पहिली अडचण सांगितली जाते. तिचा हिशेब मांडून पाहा. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. रोज पंचवीस वाचल्या तर वर्षाच्या आत ग्रंथ पुरा होतो. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे २०० समास. रोज एक वाचला तर सात महिनेही लागत नाहीत. गीतेचे ७०० श्लोक रोज दोन घेतले तरी वर्षात होतात. एवढ्याला फार तर पंधरा-वीस मिनिटे लागतात. मालिकेचा एक भागही याहून लांब असतो. सात दिवसांचे पारायण अवश्य करा, त्याचा आनंद वेगळा आहे. पण वर्षातून एकदा सात दिवस वाचून उरलेले वर्ष कोरडे जाऊ देण्यापेक्षा रोजच्या पंचवीस ओव्या घरात जास्त मुरतात.

दुसरी अडचण अशी की जुनी भाषा कळत नाही. ही खरी आहे. पण आपल्याच जिल्ह्यात तिच्यावर उपाय करून ठेवलेला आहे. पावसचे स्वामी स्वरूपानंद १९३४ च्या मोठ्या दुखण्यानंतर देसाई यांच्या घरी राहिले आणि १९७४ साली देह ठेवीपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे, त्याच घरात होते. एका कुटुंबाच्या घरातल्या खोलीत बसून त्यांनी ज्ञानेश्वरी सोप्या मराठीत अभंगरूपाने आणली. रोजच्या वाचनासाठी ज्ञानेश्वरीतल्या शंभरावर ओव्या निवडून नित्यपाठही करून दिला. ज्याला सगळा ग्रंथ झेपत नाही त्याने तिथून सुरुवात करावी.

विनोबांच्या गीताईचा, म्हणजे मराठी गीतेचा, जन्म तर घरातल्या गरजेतूनच झाला. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. मराठी पद्यात मिळालेलीही अवघड वाटली. तूच का करत नाहीस, असे त्या मुलाला म्हणाल्या. आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, १९३०-३१ साली, विनोबांनी गीताई लिहून आईचे ते म्हणणे पुरे केले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरवून घेतली आपल्या पालगडच्या साने गुरुजींनी. गीताई आईच्या विचारण्यातून आली, म्हणून मुलांसमोर अर्थ विचारायला लाजू नका. घरातल्या बाईने ‘मला कळेल असे सांगा’ म्हटले, तर तो तिचा हक्कच आहे.

काही घरांत सोवळ्याओवळ्याच्या धाकाने पोथीला कोणी हात लावत नाही. एखाद्या ग्रंथाला घरच्या रीतीने कडक नियम असतील तर ते पाळून तो वेगळ्या वेळी वाचा. पण ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला सांगितली गेली ती संस्कृत न जाणणाऱ्या सगळ्यांसाठी. तिला घरातल्याच माणसांपासून दूर ठेवणे बरे नव्हे. वाचायची पाळी लावा. एक दिवस सासू, एक दिवस सून, एक दिवस सातवीतली मुलगी. मुले अडखळली तर ओरडू नका. एखादी ओवी आजच्या मनाला पटली नाही, बायकांविषयी किंवा जातीविषयी काही खुपले, आणि मुलाने विचारले, तर त्याला गप्प करू नका. शांतपणे बोला. प्रश्न विचारत वाचलेली पोथी मुले मोठेपणी सोडत नाहीत.

घरातले कोणी ना कोणी मुंबईला असते. आठवड्यातून एकदा, रविवारी, त्याला फोनवर जोडून घ्या आणि त्या दिवशी त्यालाच वाचू द्या. गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात, तेव्हा आरती झाल्यावर दहा मिनिटे वाचनाला ठेवा. आपल्याकडे नमन आणि जाखडीतून पुराणातल्या कथा गावोगाव रंगतात. रात्री जाखडीत ऐकलेली कथा दुसऱ्या दिवशी मुलांबरोबर पोथीत शोधा.

हे आवाहन एकाच धर्माच्या घरांना नाही. तालुक्यात मुस्लिम घरे आहेत, तिथे मुले लहानपणीच कुराण वाचायला शिकतात. बौद्ध वाड्यांत वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन होते. ज्याचा जो ग्रंथ, तो त्याने घरच्या माणसांत बसून, समजून वाचावा.

आणि शेवटची गोष्ट, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी. ग्रंथ घराच्या मध्यभागी आहे की नाही, हे वाचून उठल्यावर कळते. आपल्या कोकणात हातभर बांधावरून आणि एका आंब्याच्या झाडावरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढतात, वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नाहीत. दोन्ही घरांत रोज पसायदान होते. त्यात ज्ञानेश्वरांनी देवाकडे जीवाजीवांची मैत्री मागितली आहे. ती मागायची आणि सकाळी भावाला पाहून तोंड फिरवायचे, हे दोन्ही चालणार नाही. पोथी वाचत असाल तर एक दिवस त्या भावाला ऐकायला बोलवा. बांधाचा निकाल लागेल तेव्हा लागेल.

आज तिन्हीसांजेला टीव्ही लावण्याआधी पंधरा मिनिटे काढा. मोठ्याने वाचा, निदान एका ओवीचा अर्थ आपल्या बोलीत सांगा, मुलांना विचारू द्या. आणि उठण्याआधी उद्या कोण वाचणार ते ठरवा.