अठ्ठावीस दिवसांचा दाखला

मंडळी, आपल्यातले कितीतरी जण इथे यूएईत साइटवर घाम गाळतात. त्यांच्याशीच आज भांडायचंय! १५० मिलिमीटरचा क्यूब २८व्या दिवशी एकदाच दाबून फोडायचा, ‘पास’ लिहायचं आणि फाइल बंद. हे कुठवर चालणार?

पुलावरून ट्रक एकदाच जात नाही. दर फेरीला काँक्रीट किंचित दबतं आणि पुरतं पूर्ववत होत नाही. ही विकृती आधी भरभर वाढते, मग वर्षानुवर्षं संथपणे आणि शेवटी एकदम. मधला संथ टप्पाच फसवा, वरून सगळं ठणठणीत! बारीक भेगांतून इथलं मीठ आत शिरतं आणि सळई गंजते. खाऱ्या हवेतला गोव्याचा मांडवी पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा तो जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता.

कोडात फटीगची कलमं आहेत, मान्य. वाचतं कोण? नमुन्यावर वारंवार भार देऊन घटणारा ताठपणा मोजा आणि तो कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये घाला म्हटलं, की उत्तर ठरलेलं: ‘क्लायंट मागत नाही.’ अहो, क्लायंटला कसं कळणार? पुढच्या मीटिंगला तुम्हीच विचारा, दहा लाख फेऱ्यांनंतर हा गर्डर किती वाकेल?