घासूनही न जाणारे डाग

रमजान आला की मशिदीबाहेर अत्तर, टोप्या आणि खजुरांसोबत मिस्वाकच्या काड्याही विकायला येतात. नमाजाआधी दात स्वच्छ करण्याची पैगंबरसाहेबांची सवय रोजेदार आजही पाळतात. खेड्यातल्या आजोबांचे कडुनिंबाचे किंवा बाभळीचे दातवण तरी काय वेगळे आहे? तरीही गरिबांच्या पोरांचे दात खराब दिसले की 'घासत नाहीत' असे सांगून शहाणी माणसे मोकळी होतात. केळापूर तालुक्यात हे उत्तर फार तर अर्धे खरे आहे.

इकडच्या काही मुलांच्या पुढच्या दातांवर पांढुरके, पिवळे, तपकिरी पट्टे असतात. तो मळ नव्हे. पांढरकवडा परिसराच्या भूजलातील फ्लोराइडवर २००७ सालीच 'करंट सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध आला होता. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी मूल वर्षानुवर्षे पीत राहिले, तर हिरडीखाली घडत असलेल्या पक्क्या दाताचे आवरणच बिघडते. तो दात डाग घेऊनच बाहेर येतो. मग मिस्वाक असो की महागडा ब्रश, डाग हटत नाही. पाणी उकळूनही फायदा नाही; पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते. म्हणजे पहिली आठ वर्षे मुलाने कोणत्या बोअरचे पाणी प्यायले, यावर बरेच काही ठरते. शाळेत ब्रश वाटून फोटो काढणाऱ्यांनी आधी हातपंपाकडे बघावे.

दाताची कीड हा वेगळा आजार. पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि चिकट गोळ्या आता पोडापर्यंत पोचल्या आहेत. खर्ऱ्याबद्दल तर विदर्भात वेगळे सांगायला नको; घरातले मोठे घोटतात, पोरे बघतात. इथे घासण्याचा उपयोग नक्की आहे. मात्र तीन ते सहा वर्षांच्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढीच द्यावी आणि थुंकायला लावावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्यांची एकदा तपासणी ठरलेली आहे. किडलेला दातही त्यात नोंदवला जातो. अडते ते पुढे. कोलाम पोडावरच्या आईला लेकराला घेऊन तालुक्याला यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे. दुखणे असह्य झाले की मगच ती येते, आणि तोवर दात काढण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

जकातीचे हकदार ठरलेले आहेत. ऐच्छिक सदक्याला मात्र धर्माची अट नाही. इफ्तारच्या मोठ्या दावतींवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग एखाद्या पोडावरच्या मुलांच्या गाडीभाड्याला आणि आईच्या बुडालेल्या रोजीला दिला, तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाही ती मुले दवाखान्यात पोचतील. गणेश मंडळांनाही हे जमण्यासारखे आहे. पाण्याच्या कामाला तर वर्गणीही नको. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचे संच आणि गावातल्या महिलांचे प्रशिक्षण, दोन्हींची तरतूद आहे. अंगणवाडीच्या पाण्यात किती फ्लोराइड निघाले, तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून मागता येतो.