आगोट आणि विमापत्र

मृगाचा पाऊस तोंडावर आला, की गोमंतकीय गृहस्थ घर शाकारून घेतो, जळण आत घेतो, पुरुमेंताची बेगमी करतो. चार महिन्यांच्या अनिश्चिततेला सामोरे जाण्याची ही शहाणी रीत वाडवडिलांनी घालून दिली. परंतु दारातल्या मोटारीच्या विम्यात नेमके काय आहे, असे याच गृहस्थाला विचारले, तर तो बहुधा निरुत्तर होईल. पोलिसाने अडविले असता दाखवावयाचा कागद, एवढीच विम्याची ओळख आपण करून घेतली आहे. ती अपुरी आहे आणि संकटकाळी महागात पडते.

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 146 व्या कलमाने ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा केला. तो नसताना गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या सक्तीमागील हेतू न्याय्य आहे. आपल्या गाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्याच्या मुलाबाळांनी आपल्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, म्हणून मृत्यू अथवा दुखापतीच्या भरपाईस या विम्यात रकमेची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस ती 7.5 लाखांची आहे. मात्र हा विमा दुसऱ्यासाठी आहे. स्वतःची गाडी माडाखाली चिरडली, पुरात बुडाली वा चोरीस गेली, तर त्यातून छदामही मिळत नाही. इतकेच नव्हे, तर दुचाकीवर आपण सहज मागे बसवून घेतलेला स्नेहीही केवळ कायद्यापुरत्या विम्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली स्पष्ट केले आहे. त्याच्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, हे किती जणांस ठाऊक आहे?

स्वतःच्या गाडीचा विमा काढणारेही हप्त्याचा आकडा तेवढा पाहतात. गाडीचे विम्यातील मूल्य, म्हणजे आयडीव्ही, कमी दाखविले की हप्ता उतरतो. पण गाडी पूर्ण निकामी झाली, तर भरपाईही त्याच मूल्याने ठरते. दुरुस्तीच्या वेळी प्लॅस्टिक व रबरी भागांच्या किमतीतून सामान्यतः 50 टक्के घसारा कापला जातो; तो टाळणारे ‘झीरो डेप्रिसिएशन’ संरक्षण जादा हप्ता देऊन मिळते. गाडी नवी असेल, तर तो खर्च सार्थकी लागतो. पुराचे नुकसान सर्वसमावेशक विम्यात येते खरे. परंतु पाण्यात उभ्या गाडीची चावी फिरविल्याने इंजिन बिघडले, तर ते परिणामजन्य नुकसान म्हणून नाकारले जाते. जुलै 2021 मध्ये सत्तरी व डिचोलीत शिरलेले पाणी ज्यांनी पाहिले, त्यांना इंजिनाच्या स्वतंत्र संरक्षणाचे महत्त्व सांगावयास नको. आणि बुडालेली गाडी सुरू करू नये, ती ओढून न्यावी, हे तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पर्यटकांना भाड्याने देण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. खासगी गाडीच्या विमापत्रात भाडोत्री वापर वगळलेला असतो. अशा गाडीला अपघात झाला, तर मालकाला स्वतःच्या नुकसानीवर पाणी सोडावे लागते. शिवाय जखमींना दिलेली भरपाई त्याच्याचकडून वसूल करण्याचा आदेशही होऊ शकतो. दिवसाकाठी हाती येणाऱ्या चार पैशांसाठी घरदार पणाला लावण्याचा हा व्यवहार आहे.

विमापत्रे बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत छापलेली असतात, ही सबब खोटी नाही. म्हणूनच सही करण्यापूर्वी, काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे मराठीत वा कोंकणीत समजावून देण्याचा आग्रह ग्राहकाने एजंटाकडे धरावा. समजावून देणे हे त्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. विम्याची मुदत संपू देऊ नये. ती उलटून 90 दिवस गेले, तर दावा न केल्याबद्दल मिळणारी, 50 टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी सवलतही बुडते.

घर शाकारताना आपण फुटके कौल हाताने चाचपून पाहतो. विमापत्रही तसेच, पाऊस येण्यापूर्वी, ओळीओळीने चाचपून पाहावे, एवढेच आमचे वाचकांना सांगणे आहे.