अनुदान कुणाला, संमती कुणाची?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजारांवर नेले आणि बी.एड. झालेल्यांचे ८ हजारांवरून १८ हजारांवर. हे मानधन गणित, विज्ञान, मराठी शिकवणाऱ्यांचे आहे, हे पुष्कळांनी ऐकूनच घेतले नाही. आम्हाला तो निर्णय रास्त वाटतो. मूल कुठल्याही छपराखाली बसलेले असो, त्याला अपूर्णांक आलेच पाहिजेत.

सरकारी पैसा आणि धर्मशिक्षण यांचा हा वाद राज्यघटनेइतकाच जुना आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर चर्चा झाली, तेव्हा सर्वांच्या करातून एकाच धर्माचे शिक्षण देता येणार नाही, हे डॉ. आंबेडकरांनी मांडले. त्यातूनच आजचे कलम २८ आले. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते देता येते. मात्र विद्यार्थ्यावर सक्ती नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. कलम ३० म्हणते की संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदानात भेदभाव करायचा नाही. कलम २९ नुसार अनुदान घेणाऱ्या शाळेला धर्म किंवा जात पाहून प्रवेश नाकारता येत नाही.

आपण भांडतो ते पैशावर. संमतीचे नावही निघत नाही.

नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशी सक्ती करता येणार नाही. शाळा मदरसा नव्हती, कॉन्व्हेंटही नव्हती. आपल्या गावात असते तशीच एक साधी मराठी शाळा. बहुसंख्याकांची प्रार्थना आपल्याला धर्मशिक्षण वाटतच नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. जो नियम मदरशाला लावायचा तोच वेदपाठशाळेला, मिशनच्या शाळेला आणि आपल्या शाळेलाही लावला पाहिजे.

पात्रतेचेही तेच. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी, अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायद्यातून सरसकट वगळणाऱ्या २०१४ च्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. ते प्रकरण महाराष्ट्रातलेच, शिक्षक पात्रता परीक्षेचे. सरकारी पगार घेणाऱ्या शिक्षकाची पात्रता संस्थाचालकांच्या धर्मावरून ठरू नये, असे आमचे मत आहे.

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे. याच किनारपट्टीवरून मुंबईला गेलेल्या बेने इस्रायल ज्यूंनी १८७५ मध्ये आपल्या मुलांसाठी शाळा काढली. आज माझगावच्या त्या सर एली कदूरी शाळेत बहुतेक मुले मुसलमान आहेत. एका समाजाने काढलेली शाळा दुसऱ्या समाजाच्या मुलांना घडवू शकते, याचा याहून जवळचा दाखला आम्हाला माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पालक-शिक्षक संघाच्या बैठका होतील. परिपाठातल्या प्रार्थनेसाठी आमची संमती कधी घेतली होती, एवढे तिथे विचाराच. उत्तर आले की आम्हाला कळवा; पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.