मुलांना काम द्या, प्रमाणपत्रं विकू नका

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हापूसच्या पेट्यांच्या जोडीला आणखी एक माल फिरायला लागतो. नववी ते बारावीच्या मुलांसाठी ‘इंटर्नशिप’. दोन आठवडे, तीही घरबसल्या, शेवटी सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि फी काही हजार रुपये. पूर्वी पोरगं कामाला लागलं की मालक त्याला पैसे द्यायचा. आता पोराचे आईबाप मालकाला पैसे देतात, आणि काम तर कुठे दिसतच नाही.

समाजसेवेचाही असाच घाऊक बाजार झाला आहे. शनिवारी सकाळी वस्तीत जायचं, बिस्किटांचे पुडे वाटायचे, फोटो काढायचे, दुपारच्या क्लासला परतायचं. वस्तीतल्या मुलांना कुणी विचारत नाही, की बाबांनो, तुम्हाला बिस्किटंच हवी होती का?

हे पत्रक मुलांच्या विरोधात नाही. सोळा वर्षांच्या मुलाला काहीतरी खरंखुरं करून बघायचं असतं आणि ते शहरात कुठे मिळतं हे त्याला कुणी सांगत नाही, म्हणून तो जे विकायला आलंय ते विकत घेतो. तक्रार आहे ती दारं बंद करून बसलेल्या मोठ्यांबद्दल.

याच मुंबईत 1908 साली दहा-बारा वर्षांचा एक मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन अपोलो स्ट्रीटवरच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत शिरला होता. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ही कुठली जात, हे त्याला कळेना. सोसायटीचे सचिव मिलर्ड यांनी त्याला हाकललं नाही. पक्षी ओळखून सांगितला, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तकं दिली आणि पुढे पक्ष्यांची कातडी टिकवून ठेवायचं कामही शिकण्याची सोय केली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण तिच्यातला एक तपशील सोयीस्करपणे गळतो. मुलाच्या हातात चिमणीबरोबर ओळखीची चिठ्ठीही होती. ती दिली होती त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी, आणि मामा सोसायटीचे सदस्य होते.

शंभर वर्षांनीही शहराची चांगली दारं चिठ्ठीवरच उघडतात. कुणाची आई डॉक्टर म्हणून तिच्या ओळखीने प्रयोगशाळा, कुणाचा काका वकील म्हणून त्याच्या चेंबरमध्ये महिनाभर. ज्याला असा मामा नाही, त्याला बाजार मामा बनवतो.

चिठ्ठीशिवाय दार उघडता येतं हेही इथेच सिद्ध झालेलं आहे. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने वर्षानुवर्षं उन्हाळ्यात आठवी-नववीच्या मुलांना शाळांमार्फत बोलावून आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर छोट्या प्रकल्पावर काम करायला दिलं. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळाशाळांत गेलेल्या अभ्यासक्रमात मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रक्तगट तपासतात, माती तपासतात आणि हे काम गावाच्या उपयोगी पडतं. खेड्यातल्या मुलांना जे मिळालं ते नळ दुरुस्तीलाही ॲप उघडणाऱ्या शहरातल्या मुलांना का नको?

धोरणात तर ते आहेच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावं असं लिहिलं आहे. सहावी ते बारावीपर्यंत, सुट्टीतसुद्धा, अशी संधी देता येईल असंही म्हटलं आहे. कित्येक शहरी शाळांत दप्तराविना दिवस म्हणजे सभागृहात बसून ओरिगामी. राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. कनिष्ठ महाविद्यालयांतही तिची पथकं आहेत, आणि वर्षाला 120 तास सेवा ही तिची अट आहे. प्रत्यक्षात काय होतं ते रासेयोत गेलेल्या कुणालाही विचारा: एक खड्डा, एक रोप, रोपाला लागलेले तीस हात, मागे बॅनर. वहीत चार तास.

यावर प्राचार्यांचं उत्तर तयार असतं, मुलांना वेळच नाही. खरं आहे. अकरावी-बारावीचं विज्ञान म्हणजे प्रवेश एका कॉलेजात आणि मूल दिवसभर ‘इंटिग्रेटेड’ क्लासमध्ये. हा प्रकार इतका उघड झाला, की 2018 मध्ये सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. ज्या व्यवस्थेत मूल कॉलेजातच दिसत नाही, तिथे ते ग्रंथालयात किंवा संग्रहालयात दिसेल ही अपेक्षा भाबडीच. पण ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्या याच घरांत प्रमाणपत्राच्या दोन आठवड्यांसाठी वेळ सापडतो.

दुसरं उत्तर, कायदा आड येतो. येत नाही. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे, आणि चौदा ते अठरा वयोगटाला धोक्याच्या कामांची. ग्रंथालयातली पुस्तकं लावणं, संग्रहालयात पाहुण्यांना एखादी वस्तू समजावून सांगणं, मोडी कागदांची यादी करणं यांत धोका धुळीचा, आणि तिच्यासाठी फडकं पुरतं. मात्र एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी: नफ्यासाठी चालणाऱ्या दुकानाला फुकट हात पुरवणं म्हणजे स्वयंसेवा नव्हे. तिथे राबणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. मुंबईच्या रात्रशाळांतली मुलं दिवसा दुकानात, ऑफिसात, कॅन्टीनमध्ये काम करून संध्याकाळी वर्गात येतात. त्यांच्या अनुभवाला कुणी इंटर्नशिप म्हणत नाही, कारण त्याला लॅमिनेशन नसतं.

आता एक काम असं, जे या शहरात फक्त शाळकरी मुलंच करू शकतात. अंध विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेला लेखनिक लागतो, आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. म्हणजे दहावीसाठी नववीतला, बारावीसाठी अकरावीतला. इंजिनिअर चालत नाही, निवृत्त शिक्षक चालत नाही. दादरची अंध मुलींची शाळा 1900 सालची आहे, म्हणजे ही गरज काही काल उगवलेली नाही. तरीही दरवर्षी परीक्षा तोंडावर आली की लेखनिकासाठी फोनाफोनी सुरू होते.

हे काम जवळून पाहावं. तीन तासांच्या पेपरला तासामागे वीस मिनिटं वाढीव, म्हणजे चार तास बैठक. आधी प्रश्नपत्रिका सावकाश वाचून दाखवायची, गुणांसकट. मग समोरचा सांगेल तेच लिहायचं. उत्तर चुकतंय हे दिसत असूनही गप्प राहायचं. निबंधात तो ‘पाऊस पडला’ म्हणाला तर ‘पर्जन्यधारा कोसळल्या’ लिहायचं नाही. त्याने मध्येच ‘मागचं वाक्य वाच’ म्हटलं की वाचायचं, ‘ते खोड’ म्हटलं की खोडायचं, आणि किती वेळ उरला ते विचारताच सांगायचं. दुसऱ्याच्या वर्षभराच्या अभ्यासाला आपल्या हाताने अडथळा येऊ न देणं, एवढंच काम. चौदा वर्षांच्या मुलासाठी ते भलतंच अवघड आहे.

आणि इथे एक गंमत होते. मराठी माध्यमाच्या परीक्षार्थीला लेखनिक हवा, तर फीवाल्या इंटर्नशिपचा धनी असलेला इंग्रजी शाळेतला मुलगा बहुधा उपयोगाचा नसतो. त्याला मराठी बोलता येतं, पण ‘स्वातंत्र्योत्तर’ लिहायला तो अर्धं मिनिट घेतो. भरभर, सुवाच्य, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून मराठी लिहिणारी मुलगी सापडते ती महापालिकेच्या शाळेत. तिला कुणी प्रमाणपत्र विकायला जात नाही, कारण तिच्या घरी ते घ्यायला पैसे नाहीत. शहराला मात्र नेमका तिचाच हात हवा आहे.

म्हणून या पत्रकाची मागणी साधी आहे. सरकारी पैशावर किंवा सरकारी जागेत चालणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाने, संग्रहालयाने, उद्यानाने आणि दवाखान्याच्या चौकशी खिडकीने दरवर्षी थोड्या तरी जागा नववी ते बारावीच्या मुलांसाठी ठेवाव्यात आणि त्यांची यादी शाळांच्या फलकावर लावावी. निवड ओळखीवर नको, चिठ्ठ्या टाकून करा. फी शून्य. बस-लोकलचं भाडं संस्थेने द्यावं, कारण दहिसरहून भायखळ्याला रोज यायचं तर गरिबाघरचं मूल तिथेच गळतं. प्रत्येक मुलामागे एक जबाबदार माणूस नेमावा, ज्याला त्या मुलाचं नाव माहीत असेल. आणि रासेयोच्या वहीत लेखनिकाचे चार तास चार तास म्हणूनच धरावेत.

पालकांनी एवढंच करावं, की पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर ती जाहिरात आली तर खाली विचारावं: मुलाने केलेलं काम कुणाच्या उपयोगी पडणार आहे? उत्तर आलं नाही, तर फी भरू नये.

बारावीची परीक्षा फेब्रुवारीत लागते, तिच्या मागोमाग दहावीची. लेखनिकाची कागदपत्रं त्याच्या आत शाळेमार्फत मंडळाकडे जावी लागतात, दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांच्या सह्या लागतात, आणि परीक्षार्थी व लेखनिक यांनी निदान दोन-तीन सराव पेपर एकत्र सोडवलेले असावेत. तेव्हा नववी आणि अकरावीच्या वर्गांत हा विषय दिवाळीच्या सुट्टीआधीच निघायला हवा, आणि महापालिकेच्या शाळांत सर्वांत आधी.