कुरळ्या केसांचा स्वभाव

‘काय केस व्हय हे, सुगरणीचा खोपाच दिसते!’ ‘जरा तेल चोपड अन् बांधून टाक, शाळेत बाई रागावतीन.’ लेकीचे केस विंचरताना अशी वाक्ये आपल्याकडे सहज बोलली जातात. बोलणाऱ्या आईच्या किंवा आजीच्या मनात दुष्टावा नसतो, बहुधा लाडच असतो. ऐकणारी आठ-दहा वर्षांची मुलगी मात्र त्यातून एवढेच उचलते की आपल्या डोक्यावर काहीतरी चुकीचे उगवले आहे. पुढे हीच मुलगी सोळा-सतरा वर्षांची झाली की ‘स्मूदनिंग’ किंवा ‘केराटिन’साठी हट्ट धरते. लग्न ठरले तर घरातील मोठी माणसेच ते सुचवतात. म्हणून कुरळ्या केसांचा प्रश्न केवळ सौंदर्याचा नसून आरोग्याचाही आहे. या वेळी त्याविषयी सविस्तर बोलू.

केस कुरळे का होतात?

केसाचा आकार त्वचेच्या वर ठरत नाही. तो त्वचेखालच्या केशमुळाच्या पिशवीत ठरतो. ही पिशवी सरळ असेल तर केस सरळ वाढतो. ती वाकडी असेल तर केस वळणे घेत बाहेर येतो. सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो, कुरळ्या केसाचा लंबगोल किंवा चपटा असतो. ही ठेवण मुख्यतः आनुवंशिक असते. आईवडिलांचे केस सरळ असूनही आजी-पणजीचा वारसा नातवंडात उमटू शकतो. जावळ काढल्याने, वरचेवर मुंडण केल्याने केसांची जात बदलत नाही, कारण वस्तरा मुळापर्यंत पोहोचतच नाही. लहानपणीचे केस पुढे बदललेले दिसतात ते वयामुळे. वयात येताना किंवा बाळंतपणानंतरही केसांचा पोत बदलू शकतो.

कुरळ्या केसांच्या बहुतेक तक्रारी या वळणांतूनच येतात. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, वळणावळणाच्या केसावर ते वाटेतच अडते. त्यामुळे मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडे असे हे केस असतात. प्रत्येक वळण हा केसाचा नाजूक बिंदू असतो. कोरड्या कंगव्याच्या ओढीने तो तिथेच तुटतो. पावसाळ्यात केस फुलतात, कारण हवेतील बाष्प केसात शिरते आणि केसातील प्रथिनांचे क्षणिक बंध मोडून पुन्हा वेगळ्या जागी जुळतात. यात रोग कुठेच नाही.

सौंदर्याची आपली जुनी नजर

सरळ, चकचकीत केस म्हणजेच सुंदर केस, ही समजूत आपल्या परंपरेत फार जुनी नाही. ‘अलक’ या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी कुरळी बट असा आहे. यवतमाळच्या शेजारचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्या शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची अनेक लेणी घडली आणि रंगली. त्या भित्तिचित्रांतील स्त्रियांच्या कपाळावर आणि गालांवर कुरळ्या बटा रुळताना दिसतात. बुद्धमूर्तीच्या मस्तकावरील केसही वळलेलेच कोरलेले असतात. शिल्पकाराला आणि चित्रकाराला जे शोभेचे वाटले, ते आपल्याला आरशात पाहताना दोष का वाटावे?

सरळ करण्याची किंमत

केस कायमचे सरळ करायचे म्हणजे केसातील गंधकाचे मजबूत बंध रसायनाने तोडायचे किंवा उष्णता आणि रसायन यांच्या जोरावर केसाला नवा आकार द्यायचा. अशा काही मिश्रणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. बंद, वातानुकूलित खोलीत हा वायू ग्राहकापेक्षा रोज काम करणाऱ्या मुलीच्या नाकात अधिक जातो, हेही लक्षात ठेवावे.

‘फॉर्मल्डिहाइडमुक्त’ अशी पाटी वाचून निश्चिंत होऊ नये. त्याऐवजी काही उत्पादनांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असते. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. असे आम्ल असलेल्या मलमाने केस सरळ केल्यावर तिच्या मूत्रपिंडांना एकदा नव्हे, तीनदा इजा झाली. हे आम्ल त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचवू शकते, असे उंदरांवरील प्रयोगातून दिसले. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या दीर्घ पाहणीत, केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. तो निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पाहणीने संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. तरीही वाढत्या वयातील मुलींना आणि गर्भवतींना यापासून दूर ठेवावे, एवढे शहाणपण त्यातून निश्चित घेता येते. हे सारे करूनही मुळातून येणारा नवा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने कुरळाच येतो. म्हणजे पुन्हा रसायन, पुन्हा खर्च.

धुण्यापासून वाळवण्यापर्यंत

कुरळ्या केसांना सांभाळण्याची रीत अवघड नाही, फक्त सरळ केसांपेक्षा वेगळी आहे.

*तेल :* धुण्याच्या एक-दोन तास आधी केसांच्या लांबीवर खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. मुंबईतील रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, खनिज तेल किंवा सूर्यफूल तेलाच्या तुलनेत खोबरेल तेल केसात शिरून प्रथिनांची झीज कमी करते. हे संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीतले होते हे खरे, परंतु आजीच्या अनुभवाशी ते जुळते. डोक्यात कोंडा असेल तर मुळाशी तेल थापू नये. त्याने कोंडा वाढू शकतो.

*धुणे :* आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. सौम्य शाम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला चोळावा. केसांची लांबी वाहत्या फेसाने आपोआप स्वच्छ होते. बोअरचे पाणी जड असेल तर अंगाचा साबण केसांना मुळीच लावू नये. अशा पाण्यातील चुना साबणाशी मिळून चिकट थर धरतो आणि केस राठ होतात. शेवटचा तांब्या गाळलेल्या गोड्या पाण्याचा किंवा स्वच्छ पावसाच्या पाण्याचा घेता आला तर फरक जाणवतो.

*गुंता :* कोरडे कुरळे केस कधीही विंचरू नयेत. लांबीला कंडिशनर किंवा जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत गर लावून, केस ओले असतानाच, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवावा. सुरुवात टोकापासून करून हळूहळू मुळाकडे यावे. बारीक दातांची फणी उवा काढण्यापुरतीच ठेवावी.

*जवसाचे जेल :* विदर्भातील घरात चटणीसाठी जवस असतेच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात सात-आठ मिनिटे उकळावे. पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाटू लागले की गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळावे. थंड झाल्यावर ते गाळता येत नाही. हे जेल ओल्या केसांना लावून टोकाकडून मुळाकडे हळूच मुठीत दाबत न्यावे. वळणे आपोआप उमटतात. फ्रीजमध्ये ते आठवडाभर टिकते. वास बदलला की टाकून द्यावे.

*वाळवणे :* कापसाच्या जिल्ह्यात याचे साधन आयतेच आहे. खरखरीत टॉवेलने केस झटकू नयेत. जुन्या मऊ सुती धोतराच्या किंवा बनियनच्या कापडात ते दाबून पाणी टिपावे. केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. वाळल्यावर जेलमुळे आलेला कडकपणा ओंजळीत हलके चुरावा, म्हणजे केस मोकळे आणि मऊ होतात. झोपताना सैल वेणी घालावी किंवा उशीवर रेशमी कापड पसरावे.

यवतमाळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो. त्या दिवसांत बाहेर पडताना सुती रुमाल सैल बांधावा. पावसाळ्यात जेल थोडे जास्त, तर थंडीच्या कोरड्या दिवसांत तेल थोडे जास्त, एवढा बदल पुरतो.

हयगय नको, भीतीही नको

स्वाभाविक केस राखणे म्हणजे ते तसेच सोडून देणे नव्हे. दुर्लक्षित कुरळे केस एकमेकांत अडकून त्यांची जट बनू शकते. तिला देवीचा कौल मानणारी कुटुंबे आजही आहेत. जट न धुता आल्याने कोंडा, उवा, मानदुखी असे त्रास स्त्रीला वर्षानुवर्षे सोसावे लागतात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी समजावून सांगून अनेक स्त्रियांच्या जटा सोडवल्या आहेत. घरात किंवा शेजारी अशी कोणी असेल तर तिची थट्टा किंवा पूजा करू नये, तिला मदत करावी.

दुसरे टोकही टाळावे. शाळेसाठी रोज कपाळ ताणले जाईल इतक्या घट्ट वेण्या घातल्या तर कानाजवळचे आणि कपाळावरचे केस विरळ होत जातात. वेळीच सैल केल्या तर ते बहुधा परत येतात. वर्षानुवर्षे ताण राहिला तर येत नाहीत. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. कुरळे केस एक-दोन दिवस न विंचरल्यास ते एकदम हाती येतात आणि पुष्कळ वाटतात. मात्र गोल चकत्या पडल्या, खपल्या धरल्या, भांग रुंदावत गेला किंवा थकव्यासह केस गळू लागले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. पांडुरोग आणि थायरॉइडचे विकार अनेकदा केसांतून आधी बोलतात.

घराने काय करावे?

वाचकहो, तेल, जेल आणि कंगवा यांच्याइतकीच घरातल्या बोलण्याची निगा महत्त्वाची आहे. नवी रीत अंगवळणी पडायला दोन-तीन महिने लागतात. पूर्वी रसायन केलेले असेल तर सरळ टोके वाढून कापली जाईपर्यंत केस दुरंगी दिसतात. त्या काळात मुलीला धीर लागतो, शेरे नकोत. वडिलांनी आणि भावांनीही ‘पिंजारलेली’, ‘झिपरी’ हे शब्द टाकून द्यावेत. कुरळ्या केसांच्या मुलालाही हीच काळजी लागते. ‘बारीक कापून टाक’ हा त्याच्यासाठीचा एकमेव उपाय नव्हे. शाळेला नीटनेटके केस हवे असतील तर सैल बांधलेले कुरळे केसही नीटनेटके असतात, हे शिक्षकांना शांतपणे सांगता येते.

मोठेपणी तिने केस सरळ केले, कापले किंवा रंगवले, तर तो निर्णय तिचा. तो लाजेतून घेतला जाऊ नये, एवढे पाहणे मात्र घरच्यांचे काम आहे. येत्या रविवारी न्हाणे झाल्यावर अर्धा तास लेकीला समोर बसवा, केस ओले असतानाच बोटांनी गुंता सोडवा, आणि तिच्या केसांचे हे वळण घराण्यात कोणाकोणाकडे होते, ते तिला सांगा.