भट्टी विझली की बंदूक परकी

दरवर्षी २ ऑगस्टला दादरा व नगर हवेलीचा मुक्तिदिन साजरा होतो. १९५४ साली याच दिवशी सिल्वासा मुक्त झाले आणि गलोंड्यासारख्या भोवतालच्या वारली, कोकणा, धोडिया वस्तीच्या गावांवरील, १७८३ पासून चालत आलेला पोर्तुगीज अंमल संपुष्टात आला. या लढ्यातील शौर्याच्या कथा आमच्या वाचकांना परिचित आहेत. परंतु त्या लढ्यातील एका अडचणीचा विचार क्वचितच होतो, आणि ती अडचण शस्त्रांची होती. आझाद गोमंतक दलाच्या व अन्य संघटनांच्या तरुणांपाशी धैर्य मुबलक होते. बंदुका मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच. शस्त्रांसाठी पैसा उभा करावा म्हणून सुधीर फडके यांच्या खटपटीने पुण्यात लता मंगेशकरांच्या गायनाचा कार्यक्रम झाला. गाण्याच्या तिकिटांवर पिस्तुले जमवावी लागावीत, हे त्या तरुणांना जितके भूषणावह, तितकेच आपणां सर्वांस अंतर्मुख करणारे आहे.

कारण एके काळी बंदूक ही आपल्या या किनाऱ्याला परकी वस्तू नव्हती. अफोंसो द अल्बुकेर्कने १५१० साली गोवा जिंकला, त्यानंतर तीनच वर्षांनी त्याने आपल्या राजाला लिहिले की गोव्यातील कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवितात. बोहेमिया म्हणजे तत्कालीन युरोपातील नामांकित शस्त्रशाळा. जेत्याने जितांच्या लोहाराला दिलेले हे प्रशस्तिपत्र होते! पुढे बोहेमियाची परंपरा वाढत गेली, पिल्सेन येथे श्कोडाच्या तोफा ओतल्या गेल्या आणि चेक भूमीवर जन्मलेली मशिनगन 'ब्रेन' या नावाने दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवानांच्याही हाती आली. गोव्याची परंपरा मात्र लोपली. ब्रिटिश हिंदुस्थानात तर १८७८ च्या शस्त्रबंदीच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणेच नव्हे, तर घडविणेही गुन्हा ठरविले. बुद्धीत वा हातात उणेपणा नव्हता. भट्टी, गिऱ्हाईक आणि शिष्य ही तीन आलंबने जेथे टिकली तेथे कला टिकली. जेथे ती तुटली तेथे कला गेली.

गोव्यापाशी उरले ते केवळ लोखंडाचे दगड. दुसऱ्या महायुद्धानंतर मांडवी-जुवारीच्या बार्जींतून मुरगाव बंदराकडे जाणारे लोहखनिज मुख्यतः जपानला रवाना होऊ लागले. जपानने ते नव्या भट्ट्यांत ओतले आणि त्याच्या पोलादाने जगाची बाजारपेठ व्यापली. जपानच्या यशात गोव्याचा वाटा अल्पच. पण आमचा दगड त्यांच्या हाती गेला आणि पोलाद झाला, एवढे खरे. त्या पोलादाचा तडाखा ज्यांना बसला त्यांत अग्रभागी होती अमेरिका.

१९०१ साली स्थापन झालेली युनायटेड स्टेट्स स्टील कंपनी म्हणजे अमेरिकन सामर्थ्याचे प्रतीकच. ऑस्ट्रियाने १९५२ मध्ये प्राणवायूच्या झोताने पोलाद करण्याची नवी रीत अमलात आणली, जपानने ती तत्परतेने उचलली. अमेरिकन मालक मात्र जुन्याच भट्ट्यांना कवटाळून बसले. १९५९ चा संप ११६ दिवस चालला आणि त्या अवधीत परदेशी मालाला जे दार उघडले ते पुन्हा बंद झाले नाही. १९ सप्टेंबर १९७७ रोजी यंगस्टाउन येथील कारखाना बंद झाल्याची घोषणा झाली व सुमारे पाच हजार कामगार रस्त्यावर आले. दोन्ही महायुद्धांत तोफा व चिलखती पत्रे पुरविणाऱ्या बेथलेहेम स्टीलने २००१ मध्ये दिवाळे काढले. तिच्या मूळ कारखान्याच्या जागी २००९ साली जुगारगृह उघडले. आणि २०२५ च्या जूनमध्ये खुद्द युनायटेड स्टेट्स स्टील जपानच्या निप्पॉन स्टीलच्या मालकीची झाली. अमेरिकेत आजही वर्षाकाठी सुमारे आठ कोटी टन पोलाद निघते हे आम्ही नाकारीत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या धातू ओळखणारी जी गावे होती, ती गेली ती गेलीच.

बंदुका मात्र उणावल्या नाहीत. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांपाशी ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. सुटे भाग आणून घरी जुळविलेल्या, क्रमांकही नसलेल्या बंदुकांचा तेथे आता उपद्रव झाला आहे. याउलट स्प्रिंगफील्डची सरकारी शस्त्रशाळा १९६८ साली बंद झाली, इलियनचा रेमिंग्टन कारखाना २०२४ मध्ये. कोल्ट ही नामांकित पेढी २०२१ साली कोणी घेतली? चेकांनी! अल्बुकेर्कने ज्यांचा दाखला दिला होता त्यांच्याच देशाने. बंदुकांची संख्या म्हणजे राष्ट्राचे बळ नव्हे, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आपल्याकडील चित्र निराळे असले तरी बोध तोच. जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत, मध्यप्रदेशातील उमर्टी गावच्या गावठी कट्ट्यांची नोंद महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यांत वारंवार होते. ते घडविणाऱ्यांत शिकलगार आहेत, ज्यांच्या पूर्वजांनी शीख सैन्यासाठी शस्त्रे घडविली. सर्व जमातीस गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल, आणि कट्टा विकणाऱ्यास क्षमा करणे अविचाराचे. पण ज्या हाताला राष्ट्राने कारखान्यात जागा दिली नाही त्याला गुन्हेगाराने गिऱ्हाईक मिळवून दिले, हे कटू सत्य केवळ छापे घालून पुसले जाणार नाही. पोलीस कट्टा जप्त करू शकतात. हातातील कसब जप्त करता येत नाही. त्याला सन्मार्गाचे काम द्यावे लागते.

म्हणूनच आमची नजर पुन्हा गलोंड्याकडे वळते. सिल्वासाच्या परिसरात मुक्तीनंतर जी कारखानदारी वाढली ती मुख्यतः करांच्या सवलतींवर वाढली. कारखाने आले हे स्वागतार्हच. परंतु सवलतीसाठी आलेले भांडवल अधिक सवलत मिळेल तेथे जावयास मोकळे असते. यंगस्टाउनमध्ये तर तीन पिढ्यांचे कारखाने होते, तरी ते एका घोषणेसरशी बंद पडले. मग फाटकाबाहेर कंत्राटी हजेरी लावणाऱ्या आदिवासी तरुणाच्या हाती उद्या काय उरेल?

उरावी अशी वस्तू एकच आहे, ती म्हणजे विद्या. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा पुस्तकात आहे. तो फाटकाच्या आत गेला पाहिजे. सवलत देताना प्रशासनाने किती जमीन, किती वीज एवढेच न विचारता, किती स्थानिक मुले लेथवर, साच्यांवर व धातूच्या परीक्षेवर तयार केली याचा हिशेब मागावा. हीच कसोटी गोव्याच्या खाणींनाही लावावी. १९५४ च्या तरुणांना बंदुका उसन्या आणाव्या लागल्या, कारण घडविणारे हात आपण चार शतकांपूर्वी गमावले होते. त्यांनी मुक्त केलेल्या भूमीवर तरी ती चूक दुसऱ्यांदा होऊ नये.